जीप ४.० चे आफ्टरमार्केट हेडर: नळ्या बऱ्याच बऱ्या, खरी परीक्षा फ्लँजची

जीपचं ४.० लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन १९८७ च्या मॉडेलपासून २००६ च्या रँगलरपर्यंत चाललं. इंजिन दणकट. पण १९९१ ते १९९९ च्या गाड्यांतला नळ्यांचा मूळ एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतून निघणारा जळका वायू गोळा करणारा भाग, वेल्डिंगच्या जोडांपाशी तडकतो आणि मग मालक त्याच्या जागी बसणारा बाजारातला नळ्यांचा मॅनिफोल्ड, म्हणजे हेडर, मागवतो. अमेरिकेत जुनी चेरोकी किंवा रँगलर घरच्या गराजमध्ये स्वतः सांभाळणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू आहे. यात एकाच कंपनीचा माल नाही, बाजारात मिळणारे तीन प्रकार धरले आहेत: दोनशे डॉलरच्या आतबाहेर मिळणारा चकचकीत स्टेनलेस हेडर, काळा रंग मारलेला साध्या पोलादाचा हेडर, आणि त्यांच्या तिप्पट-चौपट किमतीचा, जाड फ्लँजचा (फ्लँज म्हणजे इंजिनाला टेकणारी सपाट धातूची पट्टी), सिरॅमिक कोटिंग केलेला हेडर.

निकाल आधीच सांगतो. नळ्यांचा व्यास, पॉलिश, खोक्यावर छापलेली वाढीव अश्वशक्ती यांवरून या इंजिनाचा हेडर निवडू नका. तो बसेल की नाही आणि बसल्यावर गळेल की नाही, हे फ्लँजचा सपाटपणा आणि फ्लँजची जाडी ठरवते. स्वस्त हेडरच्या नळ्या बहुतेक वेळा ठीक असतात. पैसे वाचवलेले असतात ते फ्लँजवर.

हे इंजिन इतर इंजिनांपेक्षा कुठे वेगळं आहे

या इंजिनात इनटेक (हवा आत नेणारा भाग) आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, अमेरिकन गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला आहेत. वर ॲल्युमिनियमचा इनटेक, खाली हेडर, दोघांना मिळून एकच गॅस्केट (जोडातली सील) आणि बरेचसे बोल्टही सामाईक. बोल्टखालचा जाड वॉशर अर्धा इनटेकच्या कानावर (बोल्टपाशी पुढे आलेल्या भागावर) आणि अर्धा हेडरच्या कानावर टेकतो. म्हणजे एकच बोल्ट दोन वेगळ्या वस्तू दाबून धरतो. गळतीच्या तक्रारींचं मूळ बहुतेक इथेच असतं.

दोन्ही फ्लँजची जाडी सारखी असेल तर वॉशर सपाट बसतो आणि दाब दोघांत सारखा वाटला जातो. हेडरचा फ्लँज पातळ असेल तर वॉशर इनटेकवर टेकून राहतो आणि हेडरच्या बाजूला तिरका, अधांतरी. टॉर्क रेंच टक् करतो, आकडा बरोबर येतो, पण हेडरवर दाबच नसतो. मग थंड इंजिनावर टिकटिक ऐकू येते. उलट, हेडरचा फ्लँज जाड असेल तर इनटेक सैल राहतो आणि हवा आत ओढली जाते: आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग) चढतं, शिट्टीसारखा आवाज येतो. दुखणी दोन, कारण एकच. पहिल्या वेळी लोक बोल्ट आणखी आवळतात, दुसऱ्या वेळी आयडलचा व्हॉल्व्ह बदलतात. दोन्ही उपायांचा उपयोग नाही.

म्हणून हेडर खोक्यातून काढल्यावर पहिलं काम म्हणजे व्हर्नियर घेऊन प्रत्येक बोल्टच्या जागी दोन्ही फ्लँजची जाडी मोजणं. बाजारात पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, ५/१६ इंच म्हणजे ७.९ मिमी आणि ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमी जाडीचे फ्लँज दिसतात. जाहिरातीत "जाड फ्लँज" ही बढाई असते, पण इथे नुसत्या जाडीला अर्थ नाही. इनटेकच्या कानाशी तो जुळला पाहिजे. फरक पाव मिमीपर्यंत असेल तर गॅस्केट तो पचवतं. पाव ते पाऊण मिमीच्या मधला फरक पायरीच्या वॉशरने भरून निघतो. त्याहून जास्त असेल तर हेडर परत पाठवा किंवा मशीन शॉपमध्ये जास्तीची जाडी मिलिंग करून काढून घ्या. इनटेकला मात्र हात लावू नका. उद्या दुसरा हेडर बसवायचा झाला तर तो पुन्हा जुळणार नाही.

पायरीचा वॉशर घरी करता येतो. तीन-चार मिमी जाडीचा कडक पोलादाचा वॉशर घ्या, जाड फ्लँजवर टेकणारा त्याचा अर्धा भाग फरकाइतका ग्राइंडरने घासा, आणि घासलेली बाजू कुठे येणार याची खूण वरच्या तोंडावर करा. बोल्ट फिरवताना असा वॉशर बोल्टबरोबर फिरतो आणि पायरी भलतीकडे जाते. त्यावर चांगला उपाय म्हणजे बोल्टऐवजी स्टड (डोकं नसलेला, आट्यांचा दांडा) आणि नट वापरणं, आणि पायरीच्या वॉशरवर एक साधा पातळ वॉशर ठेवणं. नट त्या पातळ वॉशरवर फिरतो, खालचा जागचा हलत नाही.

सपाटपणा, भोकं आणि वेल्डिंग

फ्लँजच्या तोंडावर सरळ पोलादी पट्टी उभी धरा आणि खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) घाला. सहाही पोर्टच्या पूर्ण लांबीत पाव मिमीपेक्षा जास्त फट सापडली तर तो हेडर तसाच बसवू नये. शेजारच्या दोन पोर्टमध्येच ०.१५ मिमीची फट असेल तर ती जास्त वाईट, कारण लांब, हळूहळू आलेला बाक बोल्ट ओढून घेतात, पण आखूड खड्डा ओढला जात नाही. नळ्या फ्लँजला वेल्ड करताना फ्लँज जिगमध्ये घट्ट धरलेला नसेल तर तो वाकतो. स्वस्त मालात दिसणारा बाक बहुधा असाच येतो.

वेल्डिंगचा उंचवटा हे दुसरं ठिकाण. काही हेडरमध्ये नळी फ्लँजच्या भोकात आतून वेल्ड केलेली असते आणि त्या वेल्डिंगचा मणी तोंडाच्या पातळीच्या अर्धा मिमी वर आलेला असतो. सगळा फ्लँज मग त्या सहा मण्यांवरच उभा राहतो. फ्लँजच्या तोंडाला निळी शाई किंवा मार्करचा रंग लावा आणि सपाट काचेवर ठेवलेल्या एमरी पेपरवर दोन-चार वेळा घासा; जिथे रंग आधी जातो तो उंचवटा. तो मोठ्या सपाट कानशीने उतरवता येतो. अँगल ग्राइंडर मात्र वापरू नका, त्याने उंचवट्याच्या जागी खड्डा पडतो.

गॅस्केट हेडरवर ठेवून पोर्ट जुळतात का तेही पाहा. गॅस्केटची कड पोर्टच्या आत डोकावत असेल तर ती तापून लाल होते, जळते, आणि तिथून गळती सुरू होते. इथे मॉडेलचं वर्ष फार महत्त्वाचं आहे. १९८७ ते १९९० च्या इंजिनांचं सिलिंडर हेड वेगळं आहे आणि त्यांना ईजीआरची, म्हणजे थोडा एक्झॉस्ट वायू परत इनटेकमध्ये नेणाऱ्या व्यवस्थेची, जोडणी लागते. १९९१ ते १९९९ पर्यंत एकच एकसंध मॅनिफोल्ड होता. २००० पासून चेरोकी आणि रँगलरमध्ये पुढच्या तीन आणि मागच्या तीन सिलिंडरांना वेगवेगळे मॅनिफोल्ड आले, खालचा पाइपही बदलला आणि बऱ्याच गाड्यांत त्यात छोटे प्री-कॅटॅलिस्ट (धूर स्वच्छ करणारे भाग) बसवले गेले. "१९९१ ते २००६ सगळ्यांना बसतो" असं लिहिलेला हेडर दिसला तर तो घेऊ नका. हेडला कदाचित बसेल, खालच्या पाइपला बसणार नाही.

आता बोल्टच्या भोकांविषयी, कारण ही गोष्ट वर्णनात कधी लिहिलेली नसते. ३०४ स्टेनलेस तापल्यावर ओतीव लोखंडाच्या सुमारे दीडपट फुगतं. फ्लँजची लांबी अर्ध्या मीटरहून जास्त. दोन्ही ३०० अंश सेल्सिअसने तापले तरी लांबीत जवळपास १ मिमीचा फरक पडतो, आणि फ्लँज हेडपेक्षा गरमच असतो, तेव्हा प्रत्यक्षात फरक आणखी मोठा. मधलं भोक नेमकं असावं, पण टोकांकडची भोकं लांबट किंवा १.५ ते २ मिमी मोठी हवीत. ती घट्ट असतील तर फ्लँजला पसरायला जागा मिळत नाही, तो मधून फुगतो, थंड झाल्यावर परत येतो, आणि काही महिन्यांत शेवटच्या सिलिंडरजवळचा बोल्ट तुटतो. असा तुटलेला बोल्ट पाहून लोक बोल्टला दोष देतात. भोक कानशीने लांबट करणं दहा मिनिटांचं काम आहे. काही महागड्या हेडरमध्ये पोर्टच्या मधला फ्लँज कापलेला असतो, तो याच कारणासाठी. आमच्या मते जास्त पैसे देण्यासारखी ती एक खरी गोष्ट आहे.

बसवताना

जुने बोल्ट सोडण्याच्या आदल्या रात्री त्यांवर पेनेट्रेटिंग तेल मारून ठेवा. फायरवॉलजवळचे, म्हणजे केबिनकडच्या भिंतीजवळचे, बोल्ट सगळ्यांत गंजलेले असतात. हेडमधले आटे ३/८-१६ चे. त्यांतून आटे साफ करायचा चेसर फिरवा, नवे आटे पाडणारा टॅप नको, तो धातू खातो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणं आणि इंधनाच्या रेलमधला दाब सोडणं हे सांगायला नको.

गॅस्केट इनटेक-एक्झॉस्ट मिळून एकसंध घ्या. इथे एक चूक सर्रास होते: एक्झॉस्ट गळतो म्हणून फक्त एक्झॉस्टच्या पोर्टना जाड ग्रॅफाइटचं गॅस्केट लावतात आणि इनटेकला जुनं पातळच ठेवतात. ग्रॅफाइटचं ३ मिमीचं गॅस्केट दाबून निम्मं झालं तरी हेडरचा फ्लँज इनटेकपेक्षा वर उचलला जातो आणि वॉशरची तीच रड पुन्हा सुरू होते. ग्रॅफाइट घ्यायचंच तर दोन्हींसाठी सारख्या जाडीचं. सिलिकॉनची ट्यूब एक्झॉस्टच्या पोर्टवर लावू नका; तांब्याच्या रंगाचं उच्च तापमानाचं सिलिकॉनही पोर्टच्या तोंडाशी टिकत नाही, जळून भुगा होतं आणि फट मोठी करून जातं.

इनटेक डॉवेल पिनांवर बसवून सगळे बोल्ट हाताने लावा. पॉवर स्टीअरिंग पंपाचा ब्रॅकेट इनटेकलाही धरलेला असतो; त्याचे बोल्ट सगळ्यांत शेवटी आवळा. आधी आवळले तर ब्रॅकेट इनटेकला ओढून हेडपासून किंचित उचलतो, आणि नंतर कितीही टॉर्क दिला तरी पुढच्या सिलिंडरांपाशी हवा ओढली जाते.

आवळणं मधून बाहेरच्या दिशेने, तीन फेऱ्यांत: आधी १० फूट-पाउंड, मग १८, मग शेवटचा आकडा. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या इंजिनांसाठी तो बोल्टना २४ फूट-पाउंड म्हणजे ३३ न्यूटन-मीटर, आणि स्टडवरच्या नटांना २३ म्हणजे ३१ न्यूटन-मीटर आहे. आपल्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलशी तो ताडून पाहा. ३५-४० पर्यंत नेल्याने गळती थांबत नाही, फ्लँजचे कान वाकतात. इंजिन पूर्ण तापवून पूर्ण थंड होऊ द्या आणि मग पुन्हा आवळा. गरम असताना नाही. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतरही नट दर वेळी पाव फेरी घेत असेल तर गॅस्केट दबत नाहीये, फ्लँज हलतोय.

हेडर हेडला पूर्ण आवळेपर्यंत खालचा पाइप, कॅटॅलिस्ट आणि मागचे रबराचे हँगर सैलच ठेवा. क्रम पुढून मागे: हेडर, मग या खालच्या पाइपचा (डाउनपाइपचा) गोल जोड, मग कॅटॅलिस्ट, मग हँगर. खालचा जोड तिरका ओढून बसवला तर तो गळतोच, शिवाय सगळा ताण हेडरच्या कलेक्टरच्या, म्हणजे सगळ्या नळ्या एकत्र येतात त्या भागाच्या, वेल्डिंगवर येतो.

इथेच इंजिन माउंटचं बोलायला हवं. मूळ मॅनिफोल्ड तडकण्यामागे झिजलेले इंजिन माउंट, गिअरबॉक्सचं माउंट आणि तुटलेला एक्झॉस्टचा हँगर ही नेहमीची कारणं आहेत: इंजिन हलतं, पाइप हलत नाही, मधला मॅनिफोल्ड पिळला जातो. माउंट न बदलता नवा हेडर लावला तर तोही त्याच जागी तडकेल, मग तो ६०० डॉलरचा का असेना. कलेक्टरखाली लवचिक जाळीचा तुकडा असलेला हेडर किंवा डाउनपाइप मिळत असेल तर तो जरूर घ्या.

फिटिंगचा आणखी एक अडथळा स्टीअरिंगच्या शाफ्टचा. हेडरची नळी आणि शाफ्ट यांच्यात किमान १२ मिमी अंतर ठेवा, आणि ते गाडी नुसती उभी असताना पाहून समाधान मानू नका. पुढच्या गिअरमध्ये इंजिनाची ड्रायव्हरकडची बाजू वर उचलली जाते, रिव्हर्समध्ये ती खाली दबते. म्हणून एकाने ब्रेक दाबून धरावा, चाकांना अडसर लावावा, रिव्हर्समध्ये थोडा रेस द्यावा आणि दुसऱ्याने गाडीच्या बाजूला उभं राहून, पुढे किंवा मागे न थांबता, फट पाहावी. शाफ्टला घासणारी नळी ठोकून दाबण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. साध्या पोलादाच्या नळीत छोटा दाब चालून जाईल. स्टेनलेस तापवून ठोकलं तर त्या जागी गंजरोधकपणा कमी होतो. आमचा सल्ला हेडर परत करण्याचा.

तरीही आवाज येतोय

टिकटिक हेडरची की टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या लिफ्टरची), हे टिकटिकीच्या वेगावरून कळत नाही. एका सिलिंडरची गळती आणि एका लिफ्टरचा आवाज दोन्ही इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच येतात. गळतीचा आवाज थंड इंजिनावर मोठा असतो, लोड दिला की वाढतो आणि धातू तापून पसरला की कमी होतो. इंजिन आयडलवर असताना एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहा: ज्या सिलिंडरचा काढल्यावर टिकटिक मंदावते, गळती तिथे. स्पार्क प्लगची वायर काढून ही चाचणी करू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिस्टमध्ये जातं.

नेमकी जागा शोधायला इंजिन थंड आणि बंद हवं. वर्कशॉप व्हॅक्युम क्लीनरची नळी हवा बाहेर फेकणाऱ्या बाजूला लावून ती टेलपाइपमध्ये कापडाने घट्ट बसवा, आणि फ्लँजच्या कडेने साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे येतील तिथे फट. ऑक्सिजन सेन्सरच्या आट्यांवर आणि डाउनपाइपच्या जोडावरही फवारा. "हेडर गळतोय" म्हणून उघडलेल्या कित्येक गाड्यांत दोष त्या जोडाचा निघतो. काही दिवस चाललेल्या गाडीत हेडवर पोर्टपासून निघालेली काजळीची रेघ हीच खूण पुरेशी असते. इंजिन चालू ठेवून शोधायचं असेल तर गराजचं दार पूर्ण उघडा, कारण गळणारा कार्बन मोनॉक्साइड तुमच्या नाकासमोरच असतो.

इनटेकच्या गळतीसाठी कार्ब क्लीनर (कार्बुरेटर साफ करायचा ज्वलनशील स्प्रे) फवारू नका, खाली तापलेला हेडर आहे. साध्या पाण्याची बारीक फवारणी, इंजिन नुकतंच सुरू केलेलं असताना, पुरते. आरपीएम क्षणभर बदलला तर जागा सापडली. या इंजिनात हवेचं माप मॅनिफोल्डच्या दाबाच्या सेन्सरने होतं, त्यामुळे इनटेकची गळती मिश्रणापेक्षा आयडलमध्ये आधी दिसते. एक्झॉस्टच्या गळतीचं उलट आहे. ऑक्सिजन सेन्सरच्या आधीच्या फटीतून दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवा आत येते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. १९९६ नंतरच्या गाड्यांत स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटरने पेट्रोलमध्ये केलेली कायमची दुरुस्ती) अधिक १० टक्क्यांच्या वर किंवा पी०१७१ (मिश्रण पातळ असल्याचा) कोड दिसला आणि हेडर नुकताच बसवलेला असेल तर सेन्सर बदलण्याआधी साबणाचं पाणी घ्या.

कोणता घ्यावा

रोजच्या गाडीसाठी, व्हर्नियर आणि कानस हातात धरायची तयारी असेल तर स्वस्त स्टेनलेस हेडर घ्यायला हरकत नाही; परतीची मुदत आधी पाहा आणि ती संपायच्या आत जाडी मोजा. काळ्या रंगाचा पोलादी हेडर आम्ही सुचवणार नाही. रंग काही आठवड्यांत जळतो, आणि मीठ टाकलेल्या हिवाळी रस्त्यांवर नळ्या लवकर गंजतात. त्याला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली तर ओल अडकून गंज आणखी वेगाने चढतो. सिरॅमिक कोटिंगचा फायदा या इंजिनात खरा आहे, कारण इनटेक थेट हेडरच्या डोक्यावर बसतो आणि कोटिंग त्याच्याकडे जाणारी उष्णता कमी करतं. कॅलिफोर्नियात राहत असाल तर हेडरला तिथल्या हवा मंडळाचा, म्हणजे कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचा, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर (मान्यता) क्रमांक आहे का ते विकत घेण्याआधी पाहा. नाहीतर स्मॉग तपासणीत गाडी अडते. २००० पासूनच्या गाडीत प्री-कॅटॅलिस्ट काढून टाकणारा हेडर कोणत्याच राज्यात कायदेशीर नाही.

जुना मॅनिफोल्ड लगेच भंगारात देऊ नका. त्याचे मूळ जाड वॉशर आणि स्टड हेडरबरोबर आलेल्या पातळ वॉशरांपेक्षा जवळपास नेहमीच चांगले असतात, आणि नव्या हेडरची जाडी मोजताना इनटेकशी जुळणारा नमुना म्हणून तोच फ्लँज उपयोगी पडतो.